सज्ञान अपत्याचा आजार आणि आईबापांचा अधिकार

मागणीची लवचीकता हे प्रकरण शिकविताना अर्थशास्त्राच्या अध्यापकापुढे एक अडचण दरवर्षी उभी राहते. किंमत कितीही चढली वा उतरली तरी जिची मागणी तसूभरही हलत नाही, अशी वस्तू विद्यार्थ्यांपुढे ठेवायची असते आणि व्यवहारात तशी वस्तू सहसा सापडत नाही. मिठाचे उदाहरण द्यावे तर एखादा चुणचुणीत विद्यार्थी लोणच्याच्या मोसमाची आठवण करून देतो. पाठ्यपुस्तकांनी यावर फार पूर्वीच एक तोडगा काढून ठेवला आहे, तो इन्शुलिनचा. ज्याला ते टोचून घेतल्यावाचून जगताच येत नाही, तो रोगी किंमत पाहून मात्रा कमी-अधिक करील कशी? म्हणून फळ्यावर एक उभी रेषा काढायची, तिला ‘संपूर्ण अलवचीक मागणी’ असे नाव द्यायचे आणि पुढल्या मुद्द्याकडे वळायचे. प्रस्तुत लेखकाने ही रेषा गेली २२ वर्षे काढली आहे.

ती रेषा खरी नाही, हे मला माझ्या मुलीने शिकविले. इन्शुलिनची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही. ती चारचौघांत वेगळे दिसण्याच्या लाजेत मोजली जाते, आरशासमोर मोजली जाते, लग्नाच्या बाजारात मोजली जाते. आणि ही किंमत फार वाटू लागली की जगण्याला अत्यावश्यक असलेली वस्तूही माणूस कमी घेऊ लागतो, घेईनासा होतो. माझी मुलगी आज २१ वर्षांची आहे. दहाव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे आणि मधली काही वर्षे ती आपले इन्शुलिन जाणूनबुजून कमी घेत होती. हा लेख तिच्या संमतीने लिहिला आहे. घरातली गोष्ट वर्तमानपत्रात मांडण्याचा संकोच मलाही आहे. परंतु ज्या घरांत हेच चालू आहे आणि ज्यांना त्याचे नावही ठाऊक नाही, त्यांच्यापुढे हा संकोच गौण मानला पाहिजे.

आजार कोणता?

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीचे, पोट सुटलेले, सकाळी फिरायला जाणारे गृहस्थ येतात. मुलांना व तरुणांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह याहून निराळा. त्यात शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. मुलीने फार गोड खाल्ले म्हणून किंवा आईने लाड केले म्हणून हा आजार होत नाही. हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत नातेवाइकांपुढे इतक्या वेळा उच्चारले आहे की आता ते पाठ झाले आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार, वीस वर्षांखालील अशा मुलांची संख्या जगात सर्वाधिक भारतातच असून ती सव्वादोन लाखांहून अधिक आहे. म्हणजे हे दुखणे दुर्मीळ नाही. ते झाकलेले आहे, इतकेच.

इन्शुलिन नसेल तर रक्तातील साखर पेशींच्या उपयोगी पडत नाही. भरल्या कोठारापाशी शरीर उपाशी राहते आणि मग ते स्वतःची चरबी जाळू लागते. त्या जळण्यातून निर्माण होणारी किटोन द्रव्ये साचली की रक्त आम्लधर्मी होते. उलट्या, पोटदुखी, खोल व जोराचा श्वास, श्वासाला येणारा फळांसारखा वास ही त्याची लक्षणे. वैद्यकात याला किटोॲसिडोसिस म्हणतात. तो तासांच्या हिशेबाने वाढतो आणि वेळेवर रुग्णालय गाठले नाही तर प्राण घेतो.

१९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावण्यापूर्वी या मुलांसाठी वैद्यांपाशी एकच उपाय होता: त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणे. त्यायोगे मरण काही महिने, फार तर काही वर्षे लांबत असे. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचण्यात आले. त्यानंतर ज्या मुलांना ते मिळाले, त्यांच्या हाडांवर काही आठवड्यांत मांस धरू लागले. अंगी लागणे, वजन भरणे, हीच त्या औषधाच्या यशाची पहिली खूण होती. आईबापांनी आनंदाश्रू ढाळले ते मुलांचे गाल भरलेले पाहून. शोधकर्त्यांनी आपले पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. शंभर वर्षांनंतर त्याच औषधाकडे एक मुलगी ‘हे मला जाड करते’ या नजरेने पाहते, तेव्हा तिला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण तिच्या डोळ्यांपुढे जे जग आपण उभे केले आहे, ते कोणत्या मुलीची वाखाणणी करते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे.

भीती काल्पनिक नव्हे

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. इन्शुलिनमुळे वजन वाढते ही भीती निखालस खोटी नाही. अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर एक सुप्रसिद्ध चाचणी झाली. काटेकोर उपचारांनी डोळ्यांच्या पडद्याचा विकार जडण्याचा धोका सुमारे ७६ टक्क्यांनी घटतो, हे तिने निर्विवादपणे सिद्ध केले. त्याचबरोबर काटेकोर उपचार घेणाऱ्यांचे वजन इतरांहून अधिक वाढते, हेही तिच्यात आढळले. डॉक्टर पहिली गोष्ट ठासून सांगतात आणि दुसरी दोन शब्दांत उरकतात. तरुण मुलीला मात्र दुसरीच ऐकू येते.

बोस्टन येथील जोस्लिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी १९९४ साली ३४१ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३१ टक्के स्त्रियांनी आपण कधी ना कधी हेतुपुरस्सर इन्शुलिन टाळतो, असे सांगितले. त्याच केंद्राने २०० हून अधिक स्त्रियांचा ११ वर्षे मागोवा घेऊन २००८ साली जे निष्कर्ष मांडले, ते कोणाही बापाची झोप उडवतील असे आहेत. इन्शुलिन टाळणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचा धोका तिपटीने अधिक होता; आणि ज्या मरण पावल्या, त्यांचे मृत्युसमयीचे सरासरी वय टाळणाऱ्यांत ४५ तर न टाळणाऱ्यांत ५८ होते. तेरा वर्षांचा हा फरक आहे.

पण हे आकडे मुलीपुढे ठेवून काही साधले का? नाही. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली लिहून ठेवले आहे की भविष्यकाळ पाहण्याची माणसाची दृष्टी सदोष असते. दूरचे सुखदुःख त्याला त्याच्या खऱ्या आकाराहून लहान दिसते. मी हे वर्गात दरसाल शिकवितो. तरीही एकोणीस वर्षांच्या मुलीला पंचेचाळिसाव्या वर्षाची भीती घालून आजचे वागणे बदलेल, असे मला वाटत होते. तिला उद्याच्या मेजवानीला घालायचा पोशाख दिसत होता, मला पंचवीस वर्षांनंतरचे डायलिसिस. आम्ही एकाच घरात राहून दोन निरनिराळ्या काळांत बोलत होतो.

वहीतले आकडे

२०१४ साली आजाराचे निदान झाले, तेव्हा मी एक लाल पुठ्ठ्याची रोजकीर्दीची वही आणली. तारीख, वेळ, साखर, मात्रा असे चार रकाने पाडले. आकडा मर्यादेत असला की शाबासकी, बाहेर गेला की चौकशी: काय खाल्लेस? कोणी दिले? मोदक किती? हळदीकुंकवाला कोणाकडे गेली होतीस? मला वाटे, मी शिस्त लावतो आहे. वस्तुतः मी एक न्यायालय चालवीत होतो आणि आरोपी दहा वर्षांची होती.

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक विचार मांडला होता. त्याचा आशय असा की, ज्या आकड्याच्या आधारे नियंत्रण करू जावे, तो आकडा नियंत्रणाच्या दबावाखाली आपला अर्थ गमावून बसतो. बँकांच्या बाबतीत मला हे नीट कळत होते, घरात कळले नाही. पंधराव्या वर्षापासून माझ्या मुलीच्या वहीत खोटे आकडे येऊ लागले होते. वही इतकी नीटनेटकी होती, आकडे इतके समजूतदार होते, की खरे तर तीच शंकेची खूण मानायला हवी होती. दर तिमाहीला होणारी सरासरी साखरेची तपासणी वहीशी जुळत नसे. मी प्रयोगशाळा बदलली.

बारावीनंतर ती शिकण्यासाठी पुण्याला गेली. पुढल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याच्या लग्नात आली ती एकदम सडपातळ होऊन. आत्या म्हणाली, ‘‘किती छान दिसतेस गं!’’ काकूंनी हात धरून चारजणींना दाखविले. मी पत्नीला म्हणालो की पुण्याचे पाणी पोरीला मानवले. त्या मांडवात सर्वांत जास्त तहान तिला लागत होती, सर्वांत आधी दमून ती खुर्चीवर बसत होती, आणि तिच्या बापाला अभिमान वाटत होता. या लेखातले दुसरे कोणतेही वाक्य लिहिताना मला इतके जड गेले नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एके रात्री तिच्या वसतिगृहातील मैत्रिणीचा दूरध्वनी आला. ‘‘काका, तिला सारख्या उलट्या होताहेत आणि श्वास फार जोराने चाललाय.’’ त्या मुलीने प्रसंगावधान राखून रिक्षा करून तिला रुग्णालयात नेले. तिचे ऋण आमच्या घरावर कायमचे आहे. सांगलीहून आम्ही पोहोचेतो पहाट झाली होती. अतिदक्षता विभागात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी नेहमीच्या स्वरात म्हणालो, ‘‘इतकी महत्त्वाची गोष्ट विसरतेस कशी?’’ ती छताकडे पाहत म्हणाली, ‘‘बाबा, मी विसरत नव्हते. मी घेत नव्हते.’’

त्यानंतर शहाणपण आले असे म्हणावे, तर तेही नाही. मी कार्ट्रिजे मोजू लागलो, यंत्राच्या स्मृतीतील नोंदी तपासू लागलो, तिची पिशवी उघडून पाहू लागलो. माझ्या प्रत्येक पहाऱ्याला तिने एक पळवाट शोधली. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच रुग्णालय, तोच विभाग. पहारा म्हणजे आधार नव्हे, हे समजायला मला दुसरी खेप लागली.

अधिकार कोणाचा?

दुसऱ्या खेपेनंतर मधुमेहाच्या डॉक्टरांनी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. तीनचार भेटी झाल्यावर मी तज्ज्ञांना एकट्याने गाठून विचारले, ‘‘ती तुम्हाला काय सांगते?’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘ती सज्ञान आहे. तिच्या संमतीवाचून मी ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला मला काही सांगायचे असेल, तर मात्र मी जरूर ऐकेन.’’ माझा संताप झाला. शुल्क मी भरतो, औषधे मी आणतो, रात्री-अपरात्री मी धावतो, आणि माझ्याच मुलीविषयी मला माहिती नाही?

परंतु कायदा डॉक्टरांच्या बाजूने आहे आणि थोडा विचार केल्यावर विवेकही त्यांच्याच बाजूने असल्याचे दिसते. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीलाही गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवावर बेतलेला प्रसंग आणि असेच काही अपवाद तेवढे त्यात आहेत. सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ निवडण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. निर्णय घेण्यासाठी मदत लागली, तर ती कोणाची घ्यावी, हे त्या व्यक्तीने स्वतः ठरवावयाचे. माझ्या मुलीने नाव दिले ते तिच्या मावशीचे. माझे नाही, तिच्या आईचेही नाही. तो कागद मी पाहिला तेव्हा प्रथम अपमान वाटला. आता वाटते, तिच्या बरे होण्याची सुरुवात त्या कागदावर झाली. आपल्या शरीराविषयी आपण काही ठरवू शकतो आणि ते ऐकले जाते, हा अनुभव तिला घराने कधी दिला नव्हता.

याचा अर्थ आईबापांनी हात झटकून मोकळे व्हावे, असा मुळीच नाही. ‘मोठी झालीस, तुझे तू पाहा’ हे वाक्य स्वातंत्र्याच्या भाषेत बोलले, तरी ते सोडून देणेच असते. पहारा आणि परित्याग यांच्यामध्ये जी अरुंद वाट आहे, ती शोधणे हेच सज्ञान अपत्याच्या पालकाचे काम होय.

घराने काय करावे?

ही वाट आम्हाला कशी सापडत गेली, ते सांगतो. हे वैद्यकीय उपदेश नव्हेत. एका घराचे अनुभव आहेत, आणि प्रत्येक पाऊल डॉक्टरांना विचारून टाकलेले आहे.

पहिली गोष्ट, संकटाच्या प्रसंगाचा करार. तिचे मन निवळलेले असताना, मावशीच्या समक्ष, आम्ही एवढे ठरविले की उलट्या सुरू झाल्या, श्वास जोराने चालू लागला, किंवा गुंगी येऊ लागली, तर चर्चा नाही, दोषारोप नाही, थेट रुग्णालय. एवढ्या एका बाबतीत तिचे न ऐकण्याचा अधिकार तिने आम्हाला आपण होऊन दिला. बाकीच्या बाबतीत आम्ही तिचे ऐकायचे.

दुसरी गोष्ट, ओझ्याची वाटणी. दिवसातून चारदा टोचून घेणे, दर घासाचा हिशेब करणे, आणि हे एकही दिवस रजा न घेता जन्मभर करणे, याने माणूस थकतो. आम्ही नोकरदार माणसे रविवारची वाट पाहतो. तिला रविवार नाही. म्हणून रात्रीची दीर्घकाळ परिणाम करणारी मात्रा ती घरी असली की तिची आई देते. पुण्यात असली की त्या वेळी दोघी दूरध्वनीवर असतात. आई आकडा विचारीत नाही. आमटी कशी झाली, मैत्रिणीचे भांडण मिटले का, असे काहीबाही बोलणे चालते आणि तेवढ्यात टोचून होते. माझ्याकडे खरेदीचे काम आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या मिलिलीटरला ४० एककांच्या मिळतात आणि पेनच्या कार्ट्रिजा १०० एककांच्या. बाटलीसाठी त्याच मापाची सिरिंज घ्यावी लागते, नाहीतर मात्राच चुकते. हे तपासून आणणे, शीतकपाटात नीट ठेवणे, मुदत पाहणे, ही हमाली मी आनंदाने करतो. निकाल देण्याचे काम मी सोडले आहे.

तिसरी गोष्ट, घाई न करणे. मुलीने ‘उद्यापासून सगळे नीट घेते’ म्हटले की आईबापांना वाटते, सुटलो. परंतु दीर्घकाळ चढलेली साखर एकाएकी खाली आणली तर डोळ्यांचे विकार तात्पुरते बळावू शकतात, नसांच्या वेदना सुरू होऊ शकतात, अंगावर सूज येते. आणि ती सूज पाहून ‘बघा, मी जाड झाले’ म्हणून मुलगी पुन्हा मागे फिरते. म्हणून मात्रा किती व कशी वाढवायची, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते, आणि ही सूज तात्पुरती आहे, हे तिला आधीच सांगून ठेवावयाचे असते. मधुमेहतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलणे अगत्याचे आहे. आपल्याकडे हे तिघे तीन निरनिराळ्या इमारतींत बसतात आणि त्यांच्यातील टपालवाहक पालकांना व्हावे लागते.

चौथी गोष्ट, भाषा. आमच्या घरात आता वजन हा विषय कोणीही, स्तुतीसाठीसुद्धा, काढायचा नाही, असा नियम आहे. ‘चांगली साखर’ आणि ‘वाईट साखर’ हे शब्दही आम्ही टाकले. साखर जास्त असते किंवा कमी असते. तिच्यात पापपुण्य नसते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. या औषधाचा दुरुपयोग उलट दिशेनेही होऊ शकतो. निराशेच्या भरात कोणी जास्त मात्रा घेण्याचा विचार करू शकते. जगणे नको झाल्याचे बोल मुलाच्या तोंडून निघाले, तर ते नाटक समजू नये. त्या क्षणी त्याला एकटे सोडू नये, औषध दुसऱ्याच्या हाती ठेवावे आणि लगेच डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे. तो आमच्या शीतकपाटावर लिहिलेला आहे.

समाजाचा वाटा

एका घराच्या दुखण्यात समाजाचा वाटा किती, याचा हिशेब मांडणे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला टाळता येत नाही. लग्नाच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हे विशेषण आपण इतके सहज छापतो की त्यात काही वावगे आहे, असे कोणाला वाटत नाही. मधुमेह असलेल्या मुलीच्या आईला हितचिंतक कानात सांगतात, ‘‘आत्ताच बोलू नका, लग्न होऊन जाऊ दे.’’ म्हणजे मुलीला आपण दोन धडे एकदम देतो: बारीक हो आणि आजार लपव. इन्शुलिन न घेणारी मुलगी हे दोन्ही धडे मन लावून गिरवीत असते. लपविण्याची ही रीत केवळ आपलीच नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला १९२२ साली इन्शुलिन मिळाले आणि ती १९८१ पर्यंत जगली. पण त्या विलक्षण कहाणीची वाच्यता तिने आयुष्यभर टाळली.

रुपयांतली किंमतही विसरून चालणार नाही. भारतात इन्शुलिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि यादीतील औषधांच्या किमतींवर नियंत्रण आहे. अमेरिकेत तसे नियंत्रण नसल्याने काय झाले, ते २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या येल येथील पाहणीने दाखवून दिले. तीत दर चार रुग्णांपैकी एकाने खर्चापायी इन्शुलिन कमी घेतल्याचे सांगितले होते. उभी रेषा तिथेही खोटीच ठरली. आपल्याकडे औषधाची किंमत आवाक्यात असली, तरी तपासणीच्या पट्ट्या, सुया, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या भेटी यांचा खर्च कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगाराला पेलत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यावे, असे २०१७ चा अधिनियम सांगतो. पण बहुतेक विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतात; दाखल व्हावे लागू नये म्हणून दर पंधरवड्याला ज्या भेटी घ्याव्या लागतात, त्यांना नाही. अतिदक्षता विभागाचे चार दिवस विम्यात बसतात आणि ते टाळणारे चाळीस तास बसत नाहीत, हे अर्थशास्त्र कोणत्या पुस्तकातले?

महाविद्यालयांकडूनही काही अपेक्षा आहेत आणि त्यात मी स्वतःला वगळत नाही. वर्गातील एखादी मुलगी सारखी पाणी पिते, मध्येच उठून जाते, महिन्यातून दोनदा आजारी पडते, तेव्हा आम्ही हजेरीपटावर खूण करून मोकळे होतो. वसतिगृहाच्या अधीक्षकांना किटोॲसिडोसिसची लक्षणे सांगणारा एक कागद भिंतीवर लावायला खर्च येत नाही. माझ्या मुलीचा जीव वाचला, तो एका मैत्रिणीच्या शहाणपणामुळे. तो केवळ योगायोग असता कामा नये.

आजही मी फळ्यावर ती उभी रेषा काढतो, कारण परीक्षेत ती विचारली जाते. मात्र त्यानंतर मी खडू खाली ठेवून विद्यार्थ्यांना सांगतो की ही रेषा पुस्तकातल्या माणसाची आहे. खऱ्या माणसाची रेषा वाकते आणि ती का वाकली, हे विचारल्याशिवाय तिला नावे ठेवू नयेत. गेल्या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी घुटमळत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘सर, तुम्हाला हे कसं कळलं?’’ मी तिला कोणताही आकडा विचारला नाही.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मुलीला वाचावयास दिला. तिने दोन परिच्छेद खोडले. ते येथे नाहीत. ‘ती आता बरी आहे’ असे एक वाक्य शेवटी होते. त्याच्या समासात तिने लिहिले, ‘‘बरी होते आहे. फरक आहे, बाबा.’’ तिची दुरुस्ती मी मान्य केली आहे.